तटबंदी नसलेले नगर

(शास्त्रभाग : नीतिसूत्रे २५:२८; नहेम्या १३:१५–२१)



आमच्या शब्बाथ शाळेत लहानांचा वर्ग घेणारा एक तरुण गेल्या महिन्यात उपासनेनंतर आमच्याकडे आला. त्याने पाच हजार रुपये क्रिप्टोच्या व्यवहारात घातले आहेत. "काका, हे पाप आहे का?" असे त्याने सरळ विचारले. पाळकसाहेबांना सोडून तो आमच्याकडे का आला, हे आम्ही ओळखले. या वाटेवर आम्ही ठेचाळलो आहोत, हे बेळगावच्या आमच्या लहानशा मंडळीत कोणापासून लपलेले नाही.

ती हकीकत अशी. २०२१ साली दहा हजार रुपये घेऊन आम्ही या बाजारात उतरलो. मे २०२२ च्या आरंभी लुना नावाच्या नाण्याचा भाव ८० डॉलरच्या आसपास होता आणि आमचे बहुतेक पैसे त्यातच होते. रविवार, ८ मे. भाव घसरत होता. अर्पणाचे गीत चालू असता आम्ही खिशातला मोबाइल बाहेर काढला. स्वस्त मिळते आहे असे मनाला समजावले, आणि थोरल्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेल्या रकमेतून वीस हजारांचे आणखी घेतले. शुक्रवारपर्यंत त्या नाण्याची किंमत एका सेंटपेक्षाही कमी झाली होती. पत्नी एवढेच म्हणाली, "पैसे गेले ते गेले. पण मला न विचारता नेलेत."

आमचे चुकले कोठे? नाणे वाईट निघाले हे खरे. पण आमचा नाश त्याआधीच, गीत चालू असता झाला होता. ज्याचा आपल्या मनावर ताबा नाही तो तट पडलेल्या नगरासारखा आहे, असे शलमोनाच्या नीतिसूत्रांत सांगितले आहे. अशा नगरात शत्रूला वेस फोडावी लागत नाही. भीती एका बाजूने शिरते, लोभ दुसऱ्या बाजूने, आणि गेलेले परत मिळवण्याची ईर्ष्या सर्वांत मागून येऊन घरातले भांडेकुंडे घेऊन जाते.

नहेम्याने यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत उभा केला, हे आपण मुलांना शिकवतो. पुढचा भाग मात्र बहुधा राहून जातो. शब्बाथाच्या दिवशी व्यापारी माल घेऊन नगरात येत, म्हणून आदल्या संध्याकाळी अंधार पडू लागताच त्याने वेशी बंद करविल्या. व्यापारी एकदोनदा बाहेर मुक्काम करून राहिले. त्यांनाही त्याने दटावले. शेअर बाजार दुपारी साडेतीनला मिटतो, शनिवार-रविवारी सहसा बंद असतो. क्रिप्टोच्या बाजाराला रात्र नाही, शब्बाथ नाही. तेथे वेस कोणी लावणार नाही. ती ज्याची त्यानेच लावायची.

छोट्या रकमेचा मोह मोठ्या रकमेपेक्षा वाईट, असे आमचे मत झाले आहे. पाच हजारांवर पाच टक्के मिळाले तर अडीचशे रुपये; तेवढ्याने तरुणाचे मन भरत नाही. मग तो दसपट उसनवारीचा व्यवहार करतो, जेथे भाव दहा टक्के उलटा गेला की सारी अनामत बुडते. निम्मे गेले तर उरलेल्याचे दुप्पट झाल्यावाचून मूळ रक्कम परत येत नाही, हा हिशेब शाळेतले मूलही करील. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले. त्यात हेही आले.

त्या तरुणाला आम्ही 'पाप' असे एका शब्दात उत्तर दिले नाही. फीचे, औषधाचे, उसने किंवा दानाचे पैसे असतील तर आजच बाहेर पड, असे मात्र निक्षून सांगितले. ते पैसे त्याच्या शिकवणीच्या कमाईचे निघाले. मग वही आणविली. एका व्यवहारात शंभर रुपयांपेक्षा अधिक गमवायचे नाहीत. कोणत्या भावाला बाहेर पडायचे ते घेण्यापूर्वीच लिहायचे, आणि भाव तेथे आला की तो आकडा खाली सरकवायचा नाही. तोटा झाला तर त्या दिवशी दुसरा व्यवहार नाही. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत वेस बंद. वही दर आठवड्याला आईला दाखवायची. या शेवटच्या अटीवर तो बराच वेळ गप्प बसला.

परवा शनिवारी रात्री आम्ही त्याला फोन केला. "वेस लावलीस का?"

तो हसला. "लावली, काका. पण कडी जरा ढिली आहे."