रांगेचा धर्म

रांग मोडणारा माणूस कोणालाच आवडत नाही. रेशनच्या दुकानापुढे असो, एस.टी.च्या थांब्यावर असो की पंढरपूरच्या दर्शनबारीत असो, मागून येऊन पुढे घुसणाऱ्याला आपण अडवतो, चार शब्द सुनावतो. आणि ते योग्यच करतो. समतेचा इतका साधा, इतका रोजच्या वापरातला धडा दुसरा नाही. आधी आला तो आधी, एवढाच तिथला कायदा. मग रांग मोडणारा नेहमीच अपराधी म्हणायचा काय? दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काळात भूमध्य समुद्रात ज्या चोरट्या आगबोटी फिरत होत्या, त्यांची हकीगत वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊन उभा राहतो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही.

मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. पाहता पाहता व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबांची दुकाने गेली, नोकऱ्या गेल्या, घरे गेली. जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ या सरोवरकाठच्या गावी ३२ देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले. हळहळ सर्वांनीच व्यक्त केली, आणि बहुतेक सर्वांनीच आपापल्या अडचणी सांगितल्या. मोठ्या संख्येने माणसे घेण्याची तयारी दाखवली ती डोमिनिकन प्रजासत्ताक या एका लहानशा देशाने. त्यानंतर चारच महिन्यांनी, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटवण्यात आली. सुमारे ३०,००० पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. देश सोडून जात असाल तर सुटाल, असे त्यांतल्या अनेकांना सांगण्यात आले. पण जायचे कोठे?

एक दार पॅलेस्टाईनचे होते, आणि त्याची किल्ली ब्रिटिश सरकारच्या हाती होती. १७ मे १९३९च्या श्वेतपत्रिकेने ठरवून टाकले की, पाच वर्षांत ७५,००० ज्यूंना आत घेतले जाईल. पुढे अरबांच्या संमतीवाचून एकालाही नाही. आणखी एक कलम असे होते की, परवान्यावाचून जे कोणी उतरतील त्यांची संख्या या आकड्यातून वजा होईल.

तरीही माणसे निघालीच. व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीतून काळ्या समुद्रापर्यंत. तिथून रुमानियातील कॉन्स्टान्झा किंवा सुलिना बंदरातून पुढे. आगबोटी जुन्या, मालवाहू, पुष्कळशा ग्रीक मालकांच्या. जिथे एरवी माल भरायचा, तिथे फळ्यांचे मजले ठोकून माणसे निजवलेली. खिशात दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या देशाचा परवाना, जिथे जाण्याचा कोणाचाच विचार नाही. काही मालक त्या असहाय माणसांकडून अव्वाच्या सव्वा भाडे उकळीत. आणि ज्या नाझी अधिकाऱ्यांनी त्यांना नागवले, तेच त्यांना लवकर निघून जाण्याची घाई करीत. या सगळ्या व्यवहारात निर्मळ असे फारच थोडे होते.

आता रांगेकडे वळू. समजा, वॉर्सातला एक शिक्षक कायद्याने अर्ज करून परवान्याची वाट पाहत बसला आहे. त्याने लाच दिली नाही, खोटा कागद केला नाही. इकडे एका रात्री चोरटी बोट किनाऱ्याला लागते आणि काही शे माणसे वाळूत उड्या घेतात. तितके परवाने हिशेबातून गळतात. ही केवळ कल्पना नव्हे. जुलै १९३९मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की, या चोरट्या प्रवेशामुळे ऑक्टोबर १९३९ ते मार्च १९४० या सहा महिन्यांत परवाने दिलेच जाणार नाहीत. मग बोटीतून आलेल्याने त्या शिक्षकाची जागा घेतली, असे म्हणायचे काय?

हिशेबाने पाहिले तर हो. पण नीतीचा हिशेब एवढ्यावर मिटत नाही. रांगेचा कायदा एका गोष्टीवर उभा असतो. ती म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाला थांबता येते. साखर आज न मिळाली तर उद्या मिळेल. पण बुडणाऱ्याला उद्याचा टोकन देऊन परत पाठवता येत नाही. शिवाय ती वजाबाकी बोटीतल्या माणसाने केली नव्हती. ती लंडनच्या कचेरीत झाली होती. दार किती उघडायचे हे दारवान ठरवतो, आणि आत कोण आला याचा जाब बाहेर राहिलेल्याने आत आलेल्याला विचारावा, अशी ही व्यवस्था होती. बुडणाऱ्यांनाच एकमेकांचे देणेकरी करून ठेवणे, हा मला त्या कलमातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

परंतु दारवानाची बाजूही ऐकली पाहिजे. कारण दाराआड कोणाचे तरी घर होते. पॅलेस्टाईनमधले अरब १९३६पासून बंड करून उठले होते. आमच्या भूमीत कोणाला आणायचे हे आम्हाला न विचारता का ठरवता, हा त्यांचा सवाल होता, आणि तो खोटा नव्हता. गांधीजींनीही नोव्हेंबर १९३८मध्ये ‘हरिजन’मध्ये ज्यूंविषयी पूर्ण सहानुभूती दाखवून, अरबांवर त्यांना लादणे मात्र अन्यायाचे आहे, असे लिहिले होते.

आपल्याकडे बेने इस्रायल लोकांची परंपरागत कथा आहे. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे तारू फुटले. थोडी माणसे वाचली, ती इथेच राहिली. तेलाचे घाणे चालवून, शनिवारी काम बंद ठेवून ती ‘शनवार तेली’ झाली आणि मराठी बोलू लागली. गावाने त्यांच्याजवळ परवाना मागितल्याचे कथेत कोठे येत नाही. अर्थात मूठभरांना आसरा देणे निराळे, आणि दुसऱ्या कोणी ठरवलेली हजारोंची वस्ती सोसणे निराळे. म्हणूनच दोष शोधताना पुन्हा एव्हियाँकडे यावे लागते. विशाल भूमी असलेल्या देशांनी आपली दारे लावून घेतली, तेव्हाच त्या सगळ्या दुःखाचा लोंढा एका चिंचोळ्या किनाऱ्याकडे वळला. दानाचे पुण्य नको म्हणणाऱ्यांनी दानाचा भार मात्र तिसऱ्यावर टाकला.

त्या बोटीत चढण्यासाठीही रांगच होती. काही संघटना शेतीकाम शिकलेले तरुण निवडीत. काही म्हाताऱ्यांना आणि पैसे देऊ शकणाऱ्यांनाही घेत. कोण वाचावा हे माणसांनी ठरवायचे! पण याच बोटींतली एक गोष्ट मला दिलासा देते. ‘टायगर हिल’ नावाची आगबोट ऑगस्ट १९३९मध्ये कॉन्स्टान्झाहून निघाली. तिच्यावर तिचीच सातशेहून अधिक माणसे होती. लेबनॉनच्या बाजूला ‘फ्रोसूला’ या दुसऱ्या बोटीची सहाशेहून अधिक माणसे अडकून पडली होती. त्यांनाही टायगर हिलवर घेण्यात आले. एकूण संख्या १,४००च्या घरात गेली. आधीच्या प्रवाशांनी हे हसतमुखाने सोसले असेल असे मी म्हणत नाही. पाणी निम्मे झाले, फळीवरची जागा निम्मी झाली. पण ते सरकले. सप्टेंबरच्या आरंभी, जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या त्याच सुमारास, ब्रिटिश गस्तीच्या गोळीबारात तिच्यावरची दोन माणसे मारली गेली, आणि ती बोट तेल अवीवच्या वाळूत जाऊन रुतली.

एव्हियाँच्या सभेत ज्यांना जागा सापडली नाही त्यांच्याजवळ खंडच्या खंड होते; आणि ज्यांनी जागा करून दिली त्यांच्याजवळ वीतभर फळी होती. ‘जागा नाही’ हे वाक्य क्वचितच मोजमाप असते. बहुधा तो निर्णय असतो.

म्हणून जीव वाचवण्यासाठी रांग मोडणाऱ्याला मी अपराधी म्हणणार नाही. मात्र त्याच्यावर एक ऋण राहते, आणि ते त्याच्या मुलाबाळांवरही राहते. मागून येणाऱ्यासाठी सरकायचे, आणि आधीपासून बसलेल्याला उठवायचे नाही. १९४८मध्ये त्याच भूमीतले सुमारे सात लाख अरब घरे सोडून निर्वासित झाले. ते ऋण फेडणे किती कठीण असते, हे त्यावरून कळते; पण कठीण आहे म्हणून ते माफ होत नाही.

आणि आपण? आपण बहुतेक वेळा रांगेतही नसतो, बोटीतही नसतो. आपण दाराच्या आतल्या बाजूला असतो. बाहेरच्याने रांग मोडली का, हे जरूर विचारावे. पण त्याआधी, दार एवढेच का उघडे आहे, हे स्वतःला विचारावे.