रान कुणाचं?

आमच्या आष्ट्यात एखाद्याच्या घरी जाऊन 'मालक कुठं हायत?' असं विचारा. आतून उत्तर येतं, 'रानात गेल्यात.' पुण्यामुंबईकडचा पाहुणा दचकतो. त्याला वाटतं, गृहस्थाने वानप्रस्थाश्रम घेतला की काय! मालक बिचारे उसाला पाणी पाजायला गेलेले असतात. शेताला आम्ही रानच म्हणतो. आजवर यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पण अलीकडे बिबट्यानेही आमची भाषा शब्दशः घेतली आहे.

आणि का घेऊ नये? दहा-बारा फूट उंच ऊस, वर्ष-दीड वर्ष आत कुणी फिरकत नाही, सरीत पाणी, बांधाला कुत्री. मादी तिथेच विते. टोळी ऊस तोडायला लागली की पिलं सापडतात. मग वनखात्याची माणसं ती खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. कुठे? बहुधा शेजारच्या फडात! त्या पिलाने सह्याद्री कशाशी खातात हेही पाहिलेलं नसतं.

आमचे एक स्नेही आफ्रिकेत सेरेनगेटी पाहून आले. १४,७६३ चौरस किलोमीटर. आमचा सांगली जिल्हा त्यात दीडदा बसून वर जागा उरेल. मोबाईलवर चारशे फोटो दाखवून झाल्यावर ते म्हणाले, "जनावर तिकडचं! आपापल्या जागी राहतं. इथला बिबट्या म्हणजे निव्वळ घुसखोर."

आता ही 'आपापली जागा' कोण ठरवतं? सेरेनगेटीत मसाई लोक गुरं चारत होते. १९५९ साली त्यांना बाहेर काढलं, तेव्हा कुठे ते माळरान फोटोत इतकं मोकळं दिसू लागलं. फार लांब कशाला, आमच्या चांदोलीचं अभयारण्य १९८५ चं, राष्ट्रीय उद्यान २००४ चं. आतली गावं उठली. म्हणजे आजोबांच्या घराच्या जोत्यापाशी जायचं तर नातवाला परवानगी हवी! सागरेश्वरला तर बोडक्या डोंगरावर आधी झाडं लावली, मग हरणं आणून सोडली आणि भोवती कुंपण घातलं. ती हरणं बाहेर येऊन पिकं खातात ती गोष्ट निराळी. जन्मल्या जागेचा हक्क म्हणावा, तर चांदोलीचा माणूस आणि उसातला बिबट्या एकाच वकिलाकडे जायला हवेत.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या आण्णांना मोठ्या हुशारीने ऐकवलं. त्यांनी शांतपणे पान लावलं.

"त्यो हितलाच हाय, कबूल. पर मोटारीची लाइट येती रातची. मला बी तिथंच जायाचं हाय न्हवं? आन् त्येला काय वकील कळतोय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेळी गेली तर भरपाईचा कागद तरी करता येतो, माणसाचं काय?

आण्णा रात्री जातातच. हातात बॅटरी, काठी. बांधावर पोचले की आत शिरण्याआधी दोनदा मोठ्याने खाकरतात, सुना वावरत असलेल्या माजघरात शिरताना सासऱ्याने खाकरावं तसे.