एकाच घरट्यातली दोन बालपणं

सेमूर लेव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना विजेचे हलके झटके देऊन पाहिले. लहानपणी सोसलेलं मोठेपणी कुठे उमटतं, हे त्यांना बघायचं होतं. तुलनेसाठी काही पिल्लं रोज आईपासून नुसती उचलून थोड्या वेळाने परत ठेवली जात. काहींना कोणी हातही लावत नसे. मोठेपणी सगळ्यांत भित्री निघाली ती ही हात न लावलेली. झटके खाल्लेलीसुद्धा त्यांच्याहून धीट. पुढे लक्षात आलं, की परत आलेल्या पिल्लाला आई जास्त चाटते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं, की आईने भरपूर चाटलेल्या पिल्लांत पुढे प्रसंग आला तरी ताणाची संप्रेरकं कमी उसळतात.

हे सगळं वाचताना मला खटकतं ते वेगळंच. ताणावरच्या संशोधनात बराच काळ ‘उंदीर’ म्हणजे बहुधा नरच असे. मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. बीअरी आणि झुकर या संशोधकांनी २००९चे शोधनिबंध चाळले, तर मेंदूविज्ञानात फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास असतील तेव्हा फक्त माद्यांवरचा एक. २०१४ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले गेले, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत असं निघालं. म्हणजे सबब खोटीच होती. २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्यांना लिंगभेदाचा विचार करायला लावलं.

माद्या प्रयोगशाळेत आल्या, पण मोजायची पट्टी जुनीच राहिली. घाबरलेला उंदीर जागच्या जागी थिजतो. किती वेळ थिजला, तेवढी भीती, असा हिशेब. बॉस्टनच्या रेबेका शान्स्की यांच्या गटाने २०१५ मध्ये व्हिडिओ नीट पाहिले. सुमारे ४० टक्के माद्या झटक्याशी जोडलेल्या सुराला थिजण्याऐवजी सुसाट पळत होत्या. नरांत असे जेमतेम दहा टक्के. जुन्या हिशेबात ही पळणारी मादी ‘न घाबरलेली’ ठरली असती. प्रयोग प्रौढ उंदरांवरचा होता, पण बालपणीच्या ताणाचे कितीतरी निष्कर्ष याच थिजण्याच्या मापाने काढले गेले आहेत.

माणसांतही ‘जास्त सोसतं कोण?’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही. रुमानियातल्या अनाथालयांतली १३६ मुलं घेऊन बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत दिली गेली. साडेचार वर्षांच्या वयात पाहिलं, तर कुटुंबात गेलेल्या मुलींची मानसिक लक्षणं कमी झाली होती. मुलग्यांमध्ये तसा ठळक फरक नव्हता, आणि मुळात ते मुलींपेक्षा जास्त त्रासात होते. मुली नाजूक म्हणाव्यात, तर सावरल्या त्याच. मुलगे कणखर म्हणावेत, तर अडकले ते.

माझ्या मते या विषयातला सगळ्यांत मोलाचा धागा संशोधक सिलिया मूर यांच्या हाती लागला, तोही १९७९ साली. उंदराची आई एकाच घरट्यातल्या नर पिल्लांचा मागचा भाग मादी पिल्लांपेक्षा जास्त चाटते, वासावरून ओळखते. मूर यांनी पुढे आईचं नाक निकामी केलं, तेव्हा चाटणं घटलं, आणि त्या नरांचं मोठेपणीचं समागमाचं वर्तनही बदललं. ज्याला आपण जन्मजात नरपण म्हणतो, त्यातलं थोडं आईच्या जिभेवरून आलं होतं!

मुलगा-मुलगीत फरक करायला माणसाच्या घरात वासाची गरज नसते, नाव पुरतं. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकुशी’, म्हणजे नकोशी, असं नाव ठेवलेल्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभाने बदलण्यात आली. अशा एखाद्या मुलीच्या आणि तिच्यामागून नवसाने झालेल्या भावाच्या मेंदूत उद्या स्कॅनवर फरक दिसला, तर तो गुणसूत्रांचा की नावाचा, हे त्या स्कॅनवरून सांगता येणार नाही.