हो म्हणणारा माणूस

माउली, वारीत आपण ओळखदेख नसलेल्या माणसाच्याही पाया पडतो. तो कोण, कुठला, किती शिकलेला, हे विचारत नाही. पण पाया पडून झाल्यावर त्याच्याशी बोलायची वेळ आली की आपली खरी परीक्षा सुरू होते. त्या परीक्षेत मी नापास झालो, ते आधी सांगतो.

आमच्या दिंडीत चाळिशीचे एक गृहस्थ आहेत. पताका घेतात, पंगतीला पत्रावळी मांडतात, कोणाचा तांब्या कुठे राहिला ते अचूक सांगतात. डॉक्टरांच्या भाषेत त्यांना सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. गाव काय म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. सौम्य म्हणजे वरून न दिसणारी. म्हणून लोक त्यांना कधी आळशी समजतात, कधी वेंधळे. सगळी दिंडी त्यांना 'बाळा' म्हणते. मीही म्हणत असे.

एका वर्षी दिवेघाट चढून सासवडला पोचलो तेव्हा मी विचारले, "बाळा, पाय दुखत नाहीत ना?" ते हसून म्हणाले, "नाही." लोणंदला विचारले, "बरा आहेस ना?" "हो." तरडगावला चप्पल काढली तर टाचेचा फोड फुटून पू झालेला. पुढे त्यांना दिंडीच्या ट्रकमधून न्यावे लागले. मी रागावलो, "विचारलं तेव्हा सांगायचं नाही का?" ते पुन्हा हसले.

ते हसू माझ्या मनातून जाईना. मग लक्षात आले, उत्तर मी प्रश्नातच घालून दिले होते. जन्मभर ज्याला "कळत नाही का तुला?" ऐकावे लागले, तो समोरच्याला हवे ते बोलून सुटका करून घ्यायला शिकतो. मग ते "नाही" खोटे होते का? असेल, तर ते खोटे कोणाचे? मला तर ते विचारणाऱ्याचेच वाटते. मी माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकले आणि काळजी घेतल्याचे समाधान मानले.

गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली, ती कथा आपण कीर्तनात आवडीने ऐकतो. तसे थापटणे आपल्या प्रत्येकाच्या हातात असते. असा माणूस भेटला की, "सांग बरं, पाच न् सात किती? आज वार कोणता?" तिथे काका कच्चे-पक्के पाहत होते ते अहंकाराचे, पाढ्यांचे नव्हे. आणि चारचौघांत आपल्याला कोणी असे विचारले, तर आपण त्याच्याशेजारी जेवायला बसू का?

दुसरी चूक गोड असते, म्हणून ती जास्त टिकते. लाडीक आवाज काढायचा, अरे-तुरे करायचे, आणि त्यांचे बोलणे कळले नाही तरी "वा वा" म्हणायचे. ज्याचे ऐकूनच घेतले नाही त्याच्या पायावर डोके ठेवणे सोपे असते, माउली. कळले नाही तर "पुन्हा सांगता का?" असे विचारावे. त्यांना त्याचा राग येत नाही. मान डोलावलेली मात्र बरोबर कळते.

आता मी त्यांना दादा म्हणतो, अहो-जाहो करतो. सुरुवातीला दिंडीत हसले लोक. एका वेळी एकच गोष्ट विचारतो. "साडेचारला निघायचं" असे न सांगता "काकडा झाला की निघायचं" म्हणतो, आणि काय ठरले ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावतो. "चहा की दूध?" विचारले तर बरेचदा शेवटचाच शब्द परत येतो, म्हणून थोड्या वेळाने उलटे विचारून बघतो. "दुखत नाही ना?" ऐवजी "पाय दाखवा" म्हणतो. सगळ्यांना हेच लागू पडेल असे नाही. काहींना एवढेही लागत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे थांबणे. प्रश्न विचारल्यावर ते खाली बघतात. पाच, दहा, कधी त्याहून जास्त अंक मोजून होतात, आणि माझी जीभ त्यांचे वाक्य पूर्ण करायला वळवळते. तासभर हरिपाठ म्हणणाऱ्या मला एवढी शांतता सोसत नाही, याची लाज वाटते.

गेल्या आषाढीला वाखरीच्या मुक्कामी विचारले, "दादा, पंढरपुरात काय बघायचंय?" आदल्या वारीला हेच विचारून मीच म्हटले होते, "पांडुरंग ना?" आणि त्यांनी मान हलवली होती. या वेळी गप्प बसलो. शेजारच्या तंबूतले एक भजन संपून दुसरे सुरू झाले.

मग ते म्हणाले, "चंद्रभागा. मागच्या खेपेला बघायची राहिली. तुम्ही म्हणालात, गर्दी आहे, पुढं चला."