कॅमेऱ्यात न मावणारा माळ

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेकोरा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या गरुडाच्या घरट्याचं थेट प्रक्षेपण २०११ साली इंटरनेटवर सुरू झालं आणि त्या एका हंगामात ते २० कोटींहून अधिक वेळा पाहिलं गेलं. आता तशी घरटी वाशीम-कारंज्यातल्या घराघरांत मोबाइलवर उघडतात. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तळ्याकाठचं जॅकी आणि शॅडो हे जोडपं इथल्या शाळकरी पोरांना नावानिशी ठाऊक असतं. बर्फ अंगावर घेत अंड्यांवर बसून राहिलेली जॅकी पाहून त्यांचा जीव तुटतो. ही ओढ खरी आहे, आणि पक्ष्यांविषयी ओढ वाटायला लावणारी कुठलीही गोष्ट मला मोलाचीच वाटते.

पण आपल्याही माळावर गरुड आहे. सापमार गरुड. तो हवेत एका जागी पंख हलवत थांबतो, मान खाली घालून गवत न्याहाळतो आणि पाय सोडून खाली येतो. साप डोक्याकडून गिळत घरट्याकडे निघतो, तेव्हा शेपटीचा तुकडा चोचीबाहेर लोंबत असतो. हिवराच्या नाहीतर बाभळीच्या शेंड्यावर, एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या मानाने लहानच वाटावं असं काटक्यांचं घरटं. आत हिरवी पालवी अंथरलेली. पिल्लू ती लोंबती शेपटी चोचीत पकडतं, मागे रेटा देतं आणि आईबापाच्या घशातून अख्खा साप ओढून काढतं. वर्षाला अंडं एकच. ते उबायला दीडेक महिना आणि पिल्लू उडायला त्यानंतर दोन महिन्यांहून जास्त. एवढ्या काळात एकदा जरी बिनसलं, तरी त्या जोडप्याचं वर्ष वाया गेलं.

मग या घरट्यावरही कॅमेरा लावावा का? लावावा, असंच मी म्हणेन. मात्र कॅमेऱ्याने पक्षी वाचतो, हा समज आधी सोडला पाहिजे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९६३ साली डेकोरा-बिग बेअरच्या त्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ होत की उबवणाऱ्या मादीच्या वजनानेच ती फुटत. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, घरट्यांभोवतीची जमीन राखली गेली आणि २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. डेकोराचं प्रक्षेपण त्यानंतर चार वर्षांनी सुरू झालं. आपल्या गिधाडांचंही तेच. ती का मरतात याचं उत्तर, मेलेल्या गिधाडांची तपासणी करून, २००४ मध्ये मिळालं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. घरट्यापाशी कितीही वेळ डोळे लावून बसलं असतं, तरी गोठ्यातली ती सुई दिसली नसती.

आपल्याकडे अशी न दिसणारी गोष्ट म्हणजे जमीन. विदर्भात जिला आपण ई-क्लास म्हणतो, ती गावची चराई. सरकारदरबारी माळरान पडीक जमिनीत मोजलं जातं, त्यामुळे ते नांगरलं, खणलं किंवा ओळीने झाडं लावून भरून टाकलं, तरी काही गमावलं असं कुणाला वाटत नाही. वृक्षारोपणाच्या फोटोत तर ते पुण्यकर्मच दिसतं. पण गवत गेलं की सरडे-साप गेले, आणि साप गेले की सापमार गरुडाने तिथे राहायचं कशावर? कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांसाठी राखलेलं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. त्यातूनही समृद्धी महामार्ग गेला. एवढ्याशा तुकड्यावर शिकारी पक्ष्यांचं भागत नाही. त्यांना आजूबाजूच्या गावांची चराई लागतेच.

पाहणाऱ्यांच्या मायेचाही विचार करायला हवा. २०१४ मध्ये मिनेसोटा राज्याच्या वन्यजीव खात्याच्या कॅमेऱ्यात एक जखमी पिल्लू दिसलं. खात्याने आधी हात घालायचं नाकारलं. प्रेक्षकांचा रेटा वाढला तेव्हा पिल्लू खाली उतरवलं. पंख मोडलेला होता, संसर्ग अंगभर पसरला होता. शेवटी त्याला दयामरण द्यावं लागलं. त्या माणसांच्या कळवळ्यात खोट नव्हती. मला सलतं ते एवढंच की एका पिल्लासाठी जितक्या झटकन फोन होतात, तितके चराईच्या गटनंबरासाठी कधी होत नाहीत. पिल्लाला चेहरा आहे, गटनंबराला नाही.

म्हणून आपल्याकडचा कॅमेरा वेगळ्या रीतीने चालावा. घरट्याचं ठिकाण अजिबात सांगू नये. अंड्यावर बसलेला सापमार गरुड माणसांच्या वर्दळीने घरटं सोडून देऊ शकतो, आणि फोटोसाठी झाडाखाली गाड्या लावणारे आपल्याकडेही कमी नाहीत. प्रक्षेपण काही दिवस उशिराने दाखवलं तरी बिघडत नाही. देखरेख गावातल्या माणसांकडे असावी. अकोला-वाशीम पट्ट्यात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारध्यांनी तणमोर या माळावरच्या पक्ष्यासाठी काम केलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून ज्यांनी गवताची वाट न्‌ वाट ओळखली, त्यांच्याइतकी या माळाची जाण कुठल्या भिंगाला असणार? त्या कामाचं मानधन त्यांना वेळेवर मिळावं, हेही तितकंच महत्त्वाचं. आणि पडद्यावर पिल्लाच्या वयाशेजारी त्या गावची ई-क्लास किती होती, आज किती उरली आणि तिच्यावरचा कुठला प्रस्ताव ग्रामसभेपुढे आहे, हे सतत दिसत राहावं. बिग बेअरच्या अंड्यांसाठी जागणारी आपली पोरं त्या ग्रामसभेला जाऊन बसू शकतात.