योगक्षेम आणि उतारवय

उतारवयासाठी द्रव्य साठविणे हा ईश्वरावरील अविश्वास होय काय? योगक्षेमाचा भार देवावर टाकणाऱ्या भाविकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अप्राप्ताची प्राप्ती म्हणजे योग, प्राप्ताचे रक्षण म्हणजे क्षेम. माळव्यात कालीसिंधेकाठच्या सोनकच्छचा शेतकरी पुढील पेरणीसाठी बी राखतो, तेव्हा तो पर्जन्यावर अविश्वास दाखवीत नाही. आपल्या वाट्याचे कर्म करतो.

मात्र द्रव्याचे रक्षण बियाण्याहून अवघड असते. याच जिल्ह्यात, देवास येथे, १९७४ साली नोटांचा सरकारी छापखाना सुरू झाला. नोटेवरील आकडा ढळत नाही, क्रयशक्ती मात्र ढळते. महागाई दरसाल सहा टक्के असल्यास ती बारा वर्षांत जवळजवळ निम्मी होते. तेव्हा पेटीत पैसा निजवून ठेवणे हे क्षेम नव्हे, आणि तो योग्य ठिकाणी गुंतविणे हा लोभ नव्हे. २०१५ सालची अटल पेन्शन योजना साठीनंतर दरमहा १००० ते ५००० रुपयांची हमी देते. परंतु हा आकडाही ठरलेलाच, म्हणून तो केवळ पाया समजावा.

मग लोभ कोठे सुरू होतो? जेथे ‘पुरे’ हा शब्द विसरला जातो तेथे. ज्याने आपली गरज मोजली, त्यालाच तो शब्द उच्चारता येतो. आणि त्याच्या मुलांची सेवा निरुपायाची न राहता प्रेमाची होते.