नाव आणि नावे

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत मराठीने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिले कृत्य बारशाचे, दुसरे निंदेचे. पहिल्यासाठी पाळणा सजवावा लागतो, आत्याबाईंना बोलवावे लागते. दुसऱ्याला कसलीच तयारी लागत नाही, चार माणसे आणि थोडा रिकामा वेळ असला की झाले. बारशाच्या दिवशी आपण मुलाला त्याच्या अंगी अजून नसलेल्या गुणाचे नाव बिनदिक्कत देतो. शांताबाई पुढे कजाग निघाल्या किंवा धनंजयरावांना जन्मभर उसनवारी करावी लागली, तरी कोणी त्यांच्या आईबापांवर फसवणुकीचा आरोप करीत नाही. धंद्याच्या नावाचे तसे नाही. तिथे नाव ठेवणारा एक असतो आणि त्या नावावर विसंबून पैसे मोजणारा दुसरा. त्यातून तो धंदा माणसाच्या शरीराचाच असला, तर ती एक मात्रा कुणाच्या माथी पडते, हा प्रश्न नुसता व्याकरणाचा राहत नाही.

हा विचार सुचायला निमित्त झाले ते आमच्या शेजारच्या एका तरुणाचे. व्यायामशाळेतली नोकरी सोडून त्याने स्वतःचा धंदा काढायचे ठरवले आहे. धंदा ‘पर्सनल ट्रेनिंग’चा, म्हणजे एका वेळी एकाच माणसाला, त्याच्या वयाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे व्यायाम शिकवायचा. गाळा भाड्याने घेतला, चटया आणि वजने आली. अडले ते पाटीपाशी. “काका, तुम्ही लिहिता-वाचता. एखादं चांगलं नाव सांगा ना,” असे म्हणून त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर पाच नावे होती : ‘फौलाद’, ‘नवा देह’, ‘फॅट टू फिट’, ‘बजरंग’, आणि शेवटी, जरा संकोचाने बारीक अक्षरात लिहिलेले, त्याचे स्वतःचे आडनाव.

कागद वाचताना मला पहिल्यांदा आठवली ती या व्यवसायातली जुनी नावे. पुण्यात चिंचेची तालीम आहे. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी आहेत. झाड, वेस, बाग, पेठ. म्हणजे मल्लाला पत्ता सांगितला, की नाव सांगून झाले! काही ठिकाणी नाव वस्तादाचे असते. बडोद्याचे व्यायाममंदिर नावारूपाला आणले प्रोफेसर माणिकरावांनी, पण ते ओळखले जाते त्यांचे गुरू जुम्मादादा यांच्या नावाने. काही ठिकाणी नाव देवाचे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून मारुतीच्या नावावर उभे आहे. स्थळ, गुरू, देव, या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आत येणाऱ्याचे पुढे काय होईल, याविषयी ही नावे अवाक्षर काढीत नाहीत.

आणि या धंद्यातले मूळ शब्द पाहिले, तर तेही असेच अबोल निघतात. ‘तालीम’ हा शब्द अरबी. त्याचा अर्थ शिकवण. ‘वस्ताद’ म्हणजे उस्ताद, शिकवणारा. आपला ‘व्यायाम’ ताणण्यापसरण्याच्या धातूतून आला. ज्या ग्रीक शब्दातून आजचे ‘जिम’ निघाले त्याचा अर्थ आहे उघडा, कारण ग्रीक लोक अंगावर वस्त्र न ठेवता व्यायाम करीत. ‘ट्रेन’ या इंग्रजी क्रियापदाच्या मुळाशी ओढण्याची कल्पना आहे. शिकवणे, ताणणे, उघडे होणे, ओढणे : सगळे शब्द कृतीचे आहेत, फळाचा एकही नाही.

अर्थात जुन्याचे कौतुक बेताने करावे. तालमीला गिऱ्हाईक शोधावे लागत नव्हते. तिला कुठे राजाश्रय होता, कुठे पेठेची वर्गणी होती. बायकांना तिथे बहुधा पाऊल टाकता येत नसे. माझ्या शेजाऱ्याला महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे द्यायचे आहे आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत बायका निम्म्या असतील. चिंचेचे झाडही त्याच्या गाळ्यासमोर नाही. तिथे विजेचा डांब आहे.

मग स्वतःचे नाव द्यावे काय? या वाटेने गेलेले लोक पाहण्यासारखे आहेत. युजेन सँडो हा गेल्या शतकाच्या आरंभी बलदंड शरीराचा जगप्रसिद्ध नमुना. १८९७ साली त्याने लंडनला व्यायामाची संस्था काढली, पुढे हिंदुस्थानातही येऊन प्रयोग करून गेला. पण सँडो हे त्याचे खरे नाव नव्हेच. तो जन्मला १८६७ साली, प्रशियातल्या कोनिग्सबर्गला, फ्रीडरिख व्हिल्हेल्म म्युलर म्हणून. आज आपल्याकडे त्याचे नाव उरले आहे ते बिनबाह्यांच्या बनियनला, आणि त्या ‘सँडो’त बरगड्या मोजून घ्याव्यात अशी माणसेही सुखाने वावरतात. टपालाने बलसंवर्धनाचे धडे विकणारा चार्ल्स अॅटलास हा इटलीहून अमेरिकेत गेलेला अँजेलो सिसिलियानो. आकाश खांद्यावर पेलणाऱ्या ग्रीक दैत्याचे नाव त्याने उचलले. जो गोल्ड याने मात्र आपले खरे आडनाव देऊन १९६५ साली कॅलिफोर्नियात व्यायामशाळा काढली आणि १९७० साली ती विकली. पुढे पुन्हा धंद्यात उतरावेसे वाटले, तेव्हा नाव विक्रीबरोबर गेलेले होते. दुसऱ्या शाळेला त्याला दुसरेच नाव शोधावे लागले. कुणाचे नाव मूळचे नव्हते, कुणाचे हातचे गेले. नाव माणसाला कातडीसारखे चिकटलेले नसते, सदऱ्यासारखे असते. काढता येते, विकता येते.

हे सगळे मी त्या तरुणाला सांगितले आणि विचारले, “तुझं पहिलं गिऱ्हाईक कोण?”

“गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी आहेत. डॉक्टरांनी आता व्यायामाला परवानगी दिलीय. त्यांना कुणाचा हात न धरता रिक्षात चढायचंय.”

“मग ‘फौलाद’च्या पाटीखालून त्या आत कशा येतील?”

यावर त्याने जे उत्तर दिले ते टाळण्यासारखे नव्हते. “काका, आजींच्या फीवर भाडं निघत नाही. तरुण पोरं येतात ती स्वप्न घ्यायला येतात. आणि नावाला खरं कोण समजतं? ‘राजमहाल’ लॉजमध्ये उतरणारा काय सिंहासन मागतो?”

बिनतोड वाटावा असा हा युक्तिवाद आहे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; जे कुणी खरे मानीतच नाही, त्याला खोटे कसे म्हणावे? पण इथे एक भेद आहे. लॉजवाला फुशारकी मारतो ती स्वतःच्या वस्तूविषयी. पलंग त्याचा, चादर त्याची. ढेकूण निघाले तर तेही त्याचेच. व्यायाम शिकवणारा ज्या वस्तूविषयी बोलतो, ती मुळी त्याची नाहीच. आठवड्याचे तास १६८. त्यांतले तीन तास शिष्य याच्यासमोर असतो. उरलेले १६५ तास तो काय खातो, किती झोपतो, कचेरीत किती वेळ खुर्चीला खिळून असतो, हे याच्या हाती नाही. आईबापांकडून आलेली हाडे तर कुणाच्याच हाती नाहीत. शरीर घडले तर ते शिष्याच्या घामाने घडते. वस्ताद वाट दाखवतो, चुकीचा वाकलेला पाठीचा कणा सरळ करायला लावतो, इजा होऊ देत नाही. काम मोलाचे आहे, पण ते देह घडवणे नव्हे.

‘नवा देह’ असे वचन जेव्हा पाटी देते, तेव्हा ते दुसऱ्याच्या वतीने दिलेले असते. फळ आले की श्रेय पाटीचे. त्याची छायाचित्रे भिंतीवर लागतात. फळ आले नाही की पाटी जागच्या जागी राहते आणि दोष जातो शिष्याकडे : त्याची जिद्द कमी पडली, त्याने पथ्य पाळले नाही. पाच-सहा महिन्यांची फी भरून माणूस घरी परततो तो शरीराविषयी पूर्वीपेक्षा अधिक ओशाळलेला होऊन. ‘फॅट टू फिट’ला तर इतकाही धीर नाही. ती पाटी रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही, त्याने दमडी मोजण्यापूर्वीच, लठ्ठ म्हणून मोकळी होते. नाव ठेवता ठेवता मात्रा पडते ती अशी, आणि पडते ती गिऱ्हाइकाच्या डोक्यावर.

कायदा यात फारशी मदत करीत नाही. १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा नाव दुसऱ्याचे तर नाही ना, हे पाहतो. २०२२ मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे महाराष्ट्रात लहानमोठ्या सगळ्या दुकानांची पाटी देवनागरीत हवी; ‘फॅट टू फिट’ही देवनागरीत लिहिता येते. अक्षरे तपासता येतात. त्या अक्षरांखालून आत जाताना आजींना काय वाटेल, हे तपासायला निरीक्षक येत नाही. ते काम नाव ठेवणाऱ्याचेच.

मी त्याला ‘सराव’ हे नाव सुचवले. आजींनाही चालेल, पैलवानालाही चालेल. आणि जे रोज करायचे तेवढेच त्यात आहे. तो हसला. “काका, दहावीच्या प्रश्नपत्रिका आठवतात. लोकांना शिकवणीचा वर्ग वाटेल.” “अरे, तालीम म्हणजे तरी दुसरं काय?” मी म्हटले. पण त्याचेही खरे होते. शब्दाचा अर्थ कोशात काही असो, पाटीवर तो रस्त्यावरच्या माणसाच्या मनातलाच असतो.

मग कागदावरचे ते शेवटचे, बारीक अक्षरातले आडनाव मला हळूहळू पटू लागले. गोल्डची गोष्ट ध्यानात ठेवूनही पटू लागले. नाव विकता येते हे खरे. पण जोवर माणूस स्वतः त्या पाटीखाली उभा आहे, तोवर त्याला तिथून हलता येत नाही. आजींचा गुडघा त्याच्या घाईमुळे दुखावला, तर चारचौघींत चर्चा ‘फौलाद’ची होणार नाही, त्याच्या घराण्याची होईल. आडनाव कशाचेच वचन देत नाही, फक्त जबाबदार कोण ते सांगते. ज्या धंद्यात फळ दुसऱ्याच्या हाती आहे, त्यात याहून अधिक सांगणे मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

नाव ठेवले की आज ना उद्या कुणीतरी नावे ठेवणारच. माणसाच्या कुठल्याच उद्योगाची यातून सुटका नाही. एवढेच पाहावे, की ती मात्रा आपल्या माथ्यावर पडावी, दाराशी चप्पल काढून विश्वासाने आत येणाऱ्याच्या माथ्यावर नव्हे.